सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या लाखो घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आत्ता सायन्स घे, पुढे सगळे दरवाजे उघडे राहतात.’ ते प्रेमाने म्हटलेलं असतं आणि कागदावर खरंही असतं. सायन्सची बारावी झालेल्या मुलाला बीकॉमला जाता येतं, बीएला जाता येतं, वकिलीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमालाही जाता येतं. आर्ट्सच्या मुलाला मात्र इंजिनीअरिंगला किंवा मेडिकलला जाता येत नाही. मग ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही त्याने सायन्स घेतलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की या वाक्याने निर्णय होत नाही, तो दोन वर्षं पुढे ढकलला जातो. आणि ही दोन वर्षं फुकट मिळत नाहीत. पालकांनी मुलाच्या करिअरमध्ये नेमकं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर मला याच ठिकाणी सापडतं. मुलाचा निर्णय आपण घ्यायचा नाही आणि ‘तुझं तू बघ’ म्हणून मोकळंही व्हायचं नाही. निर्णयाची तयारी करून द्यायची, आणि ती दहावीच्या निकालाच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू करायची.

आधी त्या दोन वर्षांची किंमत पाहू. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाचे लेखी पेपर चाळीस-चाळीस गुणांचे दोन. त्यांतच फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सगळं बसवलेलं. उरलेले वीस गुण प्रात्यक्षिकाचे. शिवाय एकूण टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने निघते, म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय त्यात धरलाच जात नाही. तो विषय गणित असला तरी टक्केवारी चांगलीच दिसते. अकरावीत विज्ञानातला प्रत्येक विषय स्वतंत्र होतो, सत्तर गुणांची लेखी आणि तीस गुणांचं प्रात्यक्षिक घेऊन येतो, आणि अभ्यासाची खोली एकदम वाढते. दहावीला ८५ टक्के मिळवलेलं मूल बारावीला ५५वर येतं ते आळशीपणामुळेच असं नाही. बऱ्याचदा त्याच्यावर त्याला न पेलणारा विषय लादलेला असतो. आता हे मूल बीकॉमकडे वळतं. दरवाजा उघडा आहे, पण चांगल्या कॉलेजची गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवर लागते, तिथे त्याचं नाव नसतं. दोन वर्षं कॉमर्स शिकून आलेली मुलं अकाउंट्समध्ये त्याच्या पुढे असतात. आणि ‘मला जमत नाही’ ही खूणगाठ त्याने मनाशी बांधलेली असते, ती सुटायला फार वेळ लागतो.

सायन्सवाचून अडतं असे रस्ते कोणते, हेही एकदा नीट बघायला हवं. वैद्यकीय शाखा, बारावीनंतरचं इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी पदवी, मूलभूत विज्ञान, विमान चालवणं, एनडीएतून नौदल आणि हवाई दल. एवढ्यांपैकी एखाद्याकडे मुलाचा खरा ओढा असेल तर सायन्स घ्यायलाच हवं. पण सीएची फाउंडेशन परीक्षा कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर देता येते. कायदा, हॉटेल मॅनेजमेंट, डिझाइनचे बहुतेक अभ्यासक्रम, पत्रकारिता, एनडीएतली लष्कराची शाखा, यांपैकी कशालाच सायन्स लागत नाही. आणि ज्या स्पर्धा परीक्षांसाठी अर्धा महाराष्ट्र पुण्याच्या अभ्यासिकांत बसलेला असतो, त्यांतल्या बहुतेकांना कुठलीही पदवी चालते.

दरवाजा उघडा असणं आणि आत जागा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ साली नीट परीक्षेला २२ लाखांहून अधिक मुलं बसली आणि १२ लाख ३६ हजार ‘पात्र’ ठरली. या शब्दाने कितीतरी घरांत पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा जणांपैकी साधारण एकाला जागा, आणि त्यातही फी परवडणारी जागा शोधण्याची धावपळ. २०२४ साली जेईई मेन दिलेली मुलं १४ लाखांवर होती, आयआयटीतल्या सगळ्या मिळून जागा १७,७४०. हे आकडे मुलांना घाबरवण्यासाठी सांगायचे नसतात. ज्याला ती ओढ आहे त्याने आकडे बघूनही उतरावं, पण सोबत दुसरी वाटही आखून ठेवावी. क्लासची लाख-दोन लाखांची फी भरण्याआधी आई, वडील आणि मूल अशा तिघांनी हा हिशेब कागदावर एकत्र मांडलेला असावा, इतकीच अपेक्षा आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही सहावी-सातवीपासूनच्या ‘फाउंडेशन’ बॅचच्या जाहिराती एसटी स्टँडपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे दिसतात, आणि त्या आपण पालकच वाचतो.

मग तयारी करून द्यायची म्हणजे काय करायचं? व्यवसाय मार्गदर्शनाचं शास्त्र ज्याच्यापासून सुरू झालं असं मानतात त्या फ्रँक पार्सन्सने बोस्टनमध्ये १९०८ साली यासाठी एक केंद्र काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं : माणसाने आधी स्वतःला ओळखावं, मग कामांची माहिती करून घ्यावी, आणि मग या दोहोंची सांगड विचारपूर्वक घालावी. शंभर वर्षांत चाचण्या बदलल्या, पद्धती बदलल्या, हा गाभा बदललेला नाही. आपल्या घरांत यांतलं पहिलं काम टक्क्यांवर सोपवलेलं असतं, दुसरं शेजारच्या मुलाच्या पॅकेजवर, आणि तिसरं अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा भाग दोन भरायच्या शेवटच्या दोन दिवसांवर. टक्के मुलाने किती अभ्यास केला हे सांगतात. त्याला कशात रमायला होतं, कशाने थकवा येतो, माणसांत बरं वाटतं की एकट्याने काम करताना, हे गुणपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. ते आईला ठाऊक असतं, फक्त ते करिअरच्या संदर्भात उपयोगी आहे असं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

इथे लगेच सुचवलं जातं की एक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट करून घेऊ. जरूर करावी. मुंबईत राज्य सरकारची व्यवसाय मार्गदर्शन आणि निवड संस्था आहे, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. दहावीच्या सगळ्या मुलांची कलमापन चाचणी घेण्याचा उपक्रमही राज्याने २०१६ साली सुरू केला होता; कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांकडे मुलाचा कल किती, ते त्यात पाहिलं जाई. उपक्रम चांगल्या हेतूचा होता, पण अहवाल निकालाच्या सुमारास हातात येई, आणि तोवर घरात बहुतेक ठरलेलं असे. शिवाय कल आणि क्षमता वेगळ्या. मुलाला चित्रपट बघायला आवडतात म्हणून त्याला कॅमेऱ्यामागे बारा तास उभं राहणं आवडेल असं नाही. ज्याने ललित कलेचं कामच कधी पाहिलेलं नाही, तो चाचणीतल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? चाचणी म्हणजे एक्स-रे आहे, तो वाचायला डॉक्टर आणि पेशंटचा इतिहास दोन्ही लागतात.

म्हणून आठवी-नववीत मुलाला काम दाखवावं. कामावरचं भाषण नको, खरं काम. सीए व्हायचं म्हणणाऱ्या मुलीला ओळखीच्या सीएच्या ऑफिसात सप्टेंबरच्या अखेरीस, ऑडिटच्या गर्दीत, दोन दिवस नुसतं बसू द्यावं. तिला दिसेल की आर्टिकलशिप करणारी मुलं बँकेचं स्टेटमेंट आणि लेजर शेजारी ठेवून एकेका नोंदीवर पेन्सिलने टिक करत आहेत, एक रक्कम जुळत नाही म्हणून तासभर तीच पानं पुन्हा चाळत आहेत, आणि ती जुळली की एकाच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान आहे. ते समाधान तिला कळलं तर ती सीए होऊ शकते. ते पाहून तिला कंटाळा आला, तर तोही मोठा लाभ आहे, आणि तोही दोन दिवसांत पदरात पडला. हेच पॅथॉलॉजी लॅबचं, बांधकामाच्या साइटचं, कोर्टाचं, गॅरेजचं, शेतमालाच्या पॅकहाउसचं. आपल्या नातलगांत, सोसायटीत, गावात दहा तरी वेगवेगळी कामं करणारी माणसं असतात. त्यांना मुलाने दोन प्रश्न विचारावेत : तुमचा कालचा दिवस कसा गेला, आणि या कामातलं तुम्हाला काय नकोसं होतं. ‘स्कोप किती आहे’ हा प्रश्न सर्वांत शेवटी.

यावर गंभीर आक्षेप असा, की पंधरा वर्षांच्या मुलाला काय कळतं? आम्ही चार पावसाळे जास्त पाहिले आहेत. ते खरं आहे, आणि पैशाचा, माणसांचा, कष्टाचा अनुभव मुलाला द्यायलाच हवा. पण कुठल्या क्षेत्रात नोकऱ्या असतील याचा आपला अंदाज आपल्या तरुणपणाचा असतो. डीएड या शिक्षक-पदविकेचं उदाहरण आठवावं. ‘डीएड केलं की नोकरी पक्की’ या भरवशावर दोन हजारच्या दशकात गावोगावी कॉलेजं निघाली, शेतकऱ्यांनी कर्ज काढून डोनेशन भरली. २०१२नंतर नियमित शिक्षकभरती बरीच वर्षं जवळपास थांबली, कॉलेजं बंद पडत गेली आणि पदविका हाती असलेली पिढी ताटकळत राहिली. त्या पालकांचं मुलांवर प्रेम कमी नव्हतं. त्यांनी काल चाललेलं उद्याही चालेल असं धरलं. सरकारी नोकरीचंही आज तेच होत आहे. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाख ७६ हजार अर्ज आले, एका जागेला शंभर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालानुसार देशातल्या एकूण बेरोजगारांमध्ये माध्यमिक किंवा त्याहून अधिक शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, तो २०२२ साली ६५.७ टक्के झाला. नुसती पदवी हा विमा राहिलेला नाही. जे काम मुलाला मनापासून जमतं, त्यात ते बाजार बदलला तरी नवं शिकून टिकू शकतं. ओढूनताणून केलेल्या कामात ती ताकद येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. ज्या घरात महिन्याचा खर्च जेमतेम भागतो, तिथे आवड आणि कल हे चोचले परवडतात का? माझं म्हणणं उलट आहे. श्रीमंत घरातलं मूल चुकलं तर त्याला दुसरी संधी विकत घेता येते. गरीब घरातल्या मुलाला एकदाच खर्च करता येतो, म्हणून त्याच्या बाबतीत विचार जास्त हवा. अशा घरांसाठी परतीच्या आणि वरच्या वाटा असलेले रस्ते आहेत, त्यांची माहिती मात्र पोचत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा इंजिनीअरिंग डिप्लोमा केला की नोकरी धरता येते किंवा पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट असा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि अप्रेंटिसशिपमध्ये शिकता शिकता स्टायपेंडही मिळतो. ‘मार्क कमी पडले म्हणून आयटीआय’ असं आपण म्हणतो, तेव्हा व्हर्निअर कॅलिपरवर दशांश मिलिमीटर अचूक वाचणाऱ्या मुलाच्या कौशल्याचा अपमान करतो. मुलींच्या बाबतीत तर जवळचं कॉलेज आणि कमी फी एवढ्यावरच निर्णय होतो. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५पासून पूर्ण माफ केलं आहे. ही गोष्ट आजही कितीतरी आयांना ठाऊक नाही.

याचा अर्थ मूल म्हणेल त्याला मान डोलवायची असा नाही. क्रिकेटर किंवा यूट्यूबर व्हायचं म्हणणाऱ्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याआधी ‘कसं’ विचारावं : रोज किती तास, किती वर्षं, घरातून किती पैसे, आणि नाही जमलं तर पुढे काय. घरचं उत्पन्न आणि कर्ज मुलापासून लपवू नये. पंधराव्या वर्षी ते कळतं, आणि कळलं की मूल जबाबदारीने बोलतं. दोन वर्षांची मुदत ठरवून द्यावी, ती संपल्यावर पुन्हा बसावं. मूल वाट बदलायची म्हणालं, तर ‘आमचे पैसे बुडवलेस’ हे वाक्य तोंडून जाऊ देऊ नये. त्या एका वाक्याच्या भीतीने मुलं नको त्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं गप्प बसतात, आणि कोटासारख्या कोचिंगच्या शहरांतून दर वर्षी येणाऱ्या बातम्या सांगतात की काही मुलं त्या गप्पपणातून परत येत नाहीत.

ज्यांचं मूल आज आठवीत आहे त्यांच्या हातात अकरावीचा फॉर्म येईपर्यंत दिवाळीच्या तीन सुट्ट्या आहेत. त्यातल्या पहिल्या सुट्टीचे चार दिवस क्लासच्या क्रॅश कोर्सला देऊ नका. ओळखीतल्या एका काम करणाऱ्या माणसाला आजच फोन करा आणि विचारा, ‘आमच्या मुलाला तुमच्याकडे चार दिवस बसायला पाठवू का?’