पाणी वाहते ठेवणारे हात



काही वर्षांपूर्वी आपल्या या त्रैमासिकात एक छायाचित्र आले होते. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचे नवे पंपघर, त्याला झेंडूची माळ, पाइपातून उसळणारे नदीचे पाणी आणि शेजारी हसत उभा असलेला मी. ती मोटर दुसऱ्या उन्हाळ्यात जळाली आणि पुन्हा चालू झाली नाही. ही बातमी मात्र आम्ही छापली नाही. आज ती सांगतो आहे, कारण त्यात तुमचे पैसे होते. शिवाय त्याच पाड्यावर नंतर जे काम झाले ते या जळालेल्या मोटरीची हकिकत कळल्याशिवाय नीट समजणार नाही.

मोखाडा आणि जव्हारचा हा डोंगराळ भाग पावसाचा. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे पडतो. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरणही याच तालुक्यात आहे. तरी मार्चपासून पाड्यापाड्यांवर हंडे रांगेला लागतात. खाली काळा कातळ, वर वीतभर माती, आणि उतार असा की पडलेले पाणी थांबायलाच तयार नाही. नागली, वरई आणि भात निघाले की शेताला काम उरत नाही. मग दिवाळीनंतर घरांना कुलपे लागतात आणि माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही सोबत जातात, शाळा अर्धी राहते. म्हणून या भागात शेताला पाणी देणे म्हणजे नुसते पीक वाढवणे नाही. पाच गुंठ्यांना उन्हाळाभर पाणी मिळाले तर एक कुटुंब घरी राहू शकते. मोगरा लावला तर पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात आणि हातात रोख येते. मिरची, वांगी, भेंडी यांना तर आठवड्याच्या बाजारातच गिऱ्हाईक आहे.

तर मोटर का जळाली? ती तीन फेजची होती. डोंगरातल्या लाइनवर कधी झाडाची फांदी पडते, कधी फ्यूज उडतो आणि तीनपैकी एक फेज जातो. मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, जास्त करंट खेचते, तापते आणि आतली गुंडाळी जळते. हे टाळायला स्टार्टरसोबत एक छोटे उपकरण बसवतात. फेज गेला की ते मोटर आपोआप बंद करते. आमच्या पंपाला ते नव्हते. शहरातून आलेल्या ठेकेदाराने बसवले नाही आणि ते असायला हवे होते हे आम्हाला ठाऊक नव्हते. तालुक्याच्या बाजारपेठेत मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे. दुकानदाराने जळकी मोटर उघडली, तांब्याच्या काळ्या पडलेल्या तारा मला दाखवल्या आणि म्हणाला, ‘‘साहेब, बसवायच्या आधी मला एकदा बोलावलं असतं तर मी सांगितलं नसतं का?’’

त्याला बोलावायचे आमच्या मनातही आले नव्हते. आम्ही नाशिक आणि मुंबईची दरपत्रके मागवली होती.

दुसऱ्या वेळी आम्ही पाड्यापासून सुरुवात केली. बैठकीत एक आजी म्हणाल्या, ‘‘नदीचं कशाला वर ओढता? वरच्या झऱ्याला शिमग्यानंतरही पाणी असतं.’’ आम्ही मार्चअखेर त्यांच्याबरोबर वर गेलो. झऱ्याचे पाणी मोजायला कोणते यंत्र लागत नाही. पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ पुरते. बादली तीस सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. ऐकायला फार थोडे वाटते. पण झरा रात्रीही वाहतो. चोवीस तासांचे त्रेचाळीस हजार लिटर होतात. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी पसरायला सुमारे चार हजार लिटर लागतात, आणि उन्हाळ्यात पिकाची गरज दिवसाला पाच मिलिमीटर धरली तर पाच गुंठ्यांना अडीच हजार लिटर. झऱ्याच्या खालच्या अंगाला चौदा घरांची जमीन आहे. चौदा घरांचे रोजचे पस्तीस हजार लिटर झाले. पाण्यात थोडी शिल्लकही राहत होती. हा हिशेब केला आपल्याच एका मंडळीतील निवृत्त अभियंत्यांनी, आजींच्या ओट्यावर बसून, माझ्या वहीच्या मागच्या पानावर. त्यांनी मानधन घेतले नाही. दोन वेळा जेवण मात्र मागून घेतले, कारण नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजिंग त्यांना फार आवडले.

झरा शेतापेक्षा उंचावर असेल तर पंप लागत नाही, पाणी आपल्या वजनानेच खाली येते. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब देतो. पण पाइप लांब असेल तर त्यातला काही दाब पाइपाशी घासण्यातच खर्च होतो. म्हणून झरा आणि टाकी यांच्या उंचीतला फरक नेमका किती, हे आधी कळायला हवे. अभियंत्यांचे लेव्हलचे यंत्र यायला वेळ होता. पाड्यावरचे एक गवंडी काका, ज्यांनी कल्याणच्या इमारतींवर वीस वर्षे काढली आहेत, म्हणाले, ‘‘नळी आहे ना.’’ पारदर्शक प्लास्टिकची नळी, तिच्यात पाणी. दोन्ही टोकांना पाणी नेहमी एकाच पातळीवर राहते. गवंडी याच नळीने भिंतीची पातळी काढतात. काकांनी आणि त्यांच्या पुतण्याने ती डोंगर उतरत टप्प्याटप्प्याने धरली आणि सातशे मीटरमध्ये बावीस मीटर उतार काढला. पुढे यंत्र आले तेव्हा फरक वीतभरही निघाला नाही. अभियंत्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. काका म्हणाले, नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही म्हणजे झाले.

हवेच्या बुडबुड्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

झरा वनजमिनीवर आहे. तिथून पाइप आणायचा तर परवानगी हवी. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्याची पाइपलाइन, छोटे कालवे, शाळा, रस्ता अशा सोयींसाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वापरता येते, अशी तरतूद आहे. ती बहुतेक गावांना माहीत नाही. तालुक्यातील एका वकीलबाईंनी ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा ते बसून शिकवले, अर्ज करून दिला आणि वनखात्याच्या कार्यालयात चार खेपा घातल्या. पाच महिने गेले. ते टाळता आले नसते आणि टाळायलाही नको होते. आधी पाइप टाकून मग परवानगी मागणाऱ्यांचे पाइप उखडलेले मी पाहिले आहेत.

झऱ्याच्या तोंडाशी छोटा दगडी बांध घातला. पाइपाच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर पाने, वाळू आणि खेकडे आत जातात. खेकड्यांचे हसू येईल, पण एक खेकडा सातशे मीटरची लाइन बंद करू शकतो. ग्रिल बनवणाऱ्या एका वेल्डरने जाड पाइपाला भोके पाडून, वर बारीक जाळी गुंडाळून गाळणी तयार केली. ती हाताने फिरवून काढता येते आणि घासून परत बसवता येते. पहिली त्याने वेल्ड करून पक्कीच बसवली होती. साफ कशी करणार, असे पाड्यावरच्या बायकांनी विचारले तेव्हा बदलली.

पाइपासाठी काळा एचडीपीई निवडला. तो लवचीक असतो आणि गुंडाळीत येत असल्याने सांधे कमी लागतात. त्याचा शत्रू वणवा. म्हणून जिथे माती आहे तिथे पाइप पुरला, जिथे कातळ आहे तिथे दगड-मातीने झाकला आणि ओहोळ ओलांडताना लोखंडी पाइप वापरला. टाकी बावीस हजार लिटरची आहे, कारण झरा रात्रीच्या बारा तासांत साधारण तेवढेच पाणी देतो. लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा करून गवंडी काकांनी ती बांधली. चौदा दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा, असे त्यांनी बजावले. उन्हाळ्यात तेवढे पाणी आणायचे कुठून, यावर जरा वादावादीही झाली. पण काका हटले नाहीत. टाकीला आजवर एक तडा नाही.

चाचणीच्या दिवशी वर पाणी पाइपात शिरले आणि खाली आलेच नाही. तासभर वाट पाहिली. आम्ही सगळे अभियंत्यांकडे पाहत होतो आणि ते वहीकडे. तेव्हा प्लंबर उठला. हा मुलगा नाशिकच्या इमारतींत नळ बसवायची कामे करतो, सणाला घरी आला होता. पाइपावर पान्याने टकटक करत, कान लावत तो वर चढत गेला. झऱ्यापासून सव्वाशे मीटरवर पाइप एका खडकावरून जात होता आणि तेवढ्याच जागी थोडा वर उचलला गेला होता. उताराची मोजणी दर तीस मीटरला केली होती. हा उंचवटा दोन खुणांच्या मध्ये राहून गेला होता. अशा उंचवट्यात हवा साचते. लाइनच्या सुरुवातीला पाण्याचा दाब अजून कमी असतो आणि ती हवा पुढे ढकलली जात नाही. प्लंबरने तिथे पाइपाला भोक पाडले. फुस्स करून हवा निघाली, मग फेस, मग पाणी. थोड्या वेळाने खालून टाकीजवळच्या मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. त्या जागी आता हवा सोडणारा व्हॉल्व्ह आहे.

अभियंत्यांचे गणित बरोबर होते. पण प्लंबर त्या दिवशी नाशिकला असता तर आम्ही बहुधा पाइप उखडायला घेतला असता.

माझे आजोळ साक्री तालुक्यात, पांझरा नदीकाठी. तिथे आणि मोसम नदीवर फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. लहानपणी मला बंधारेच तेवढे दिसत. ती पद्धत माणसांवर चालत होती हे फार उशिरा लक्षात आले. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला हवालदार. ही माणसे गावानेच नेमायची आणि त्यांचा मोबदलाही गावानेच द्यायचा. शेतकऱ्याने मधेच आपल्या शेताकडे पाट फोडायचा नाही.

हे मी पाड्यावरच्या बैठकीत सांगितले. महिनाभर चर्चा होऊन त्यांनी स्वतःचा पाटकरी नेमला, म्हणजे पाटकरीण. दहावीनंतर शाळा सुटलेली, एका लेकराची आई. व्हॉल्व्हची चावी तिच्याकडे असते. सकाळी सात घरांची पाळी, संध्याकाळी सात घरांची. दर रविवारी ती गाळणी घासते आणि महिन्यातून एकदा टाकीचा तळाचा व्हॉल्व्ह उघडून गाळ सोडते. घरटी वर्षाला दोन पायली नागली आणि हंगामात महिन्याला शंभर रुपये तिला मिळतात. प्लंबरने तिला सांधा कापून जोडायला, वॉशर बदलायला आणि ठिबकच्या नळ्या धुवायला शिकवले. मागच्या मे महिन्यात कोणाच्या तरी बैलाने पाइप तोडला. मला ते चार दिवसांनी कळले, तेही तिने सहज सांगितले म्हणून. तोपर्यंत पाइप जोडून पाणी सुरूही झाले होते.

पाटकरणीच्या नेमणुकीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात चौदापैकी अकरा कुटुंबे पाड्यावर राहिली. तीन गेली, त्यांनी भट्टीमालकाकडून आधीच उचल घेतली होती, ती फेडायची होती.

आता देणगीदारांनी विचारावा असा एक प्रश्न. या कामात सर्वांत मोठा खर्च पाइपाचा झाला. पण गवंडी, वेल्डर, प्लंबर यांची मजुरी आणि पाटकरणीला शिकवण्याचे दिवस यांवरही आम्ही मोकळ्या हाताने खर्च केला. ‘स्थानिक लोक सेवा म्हणून करतील’ असे एका हितचिंतकांनी सुचवले होते. त्यांचा हेतू चांगला होता. मला ते पटले नाही. अभियंते पेन्शनवर आहेत, त्यांना विनामोबदला काम करणे परवडते. वेल्डरचा दिवस गेला की त्याच्या घरची चूल त्या दिवशी मागे पडते. शिवाय मजुरी घेतलेल्या माणसाला चूक दाखवता येते, आणि पुढच्या वर्षी हक्काने बोलावताही येते.

राहिले एक दुःख. पाड्यावर घरे तेवीस आहेत. नऊ घरांची जमीन टाकीच्या वरच्या अंगाला आहे, आणि पाणी आपोआप वर चढत नाही. त्यांच्यासाठी सौर पंपाचा विचार चालू आहे. यावेळी दरपत्रक मागवण्याआधी मी रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मोटर मी बघेन, पण सौर पंपाचा कंट्रोलर मला उघडता येत नाही, तो शिकावा लागेल. तो आणि पाड्यावरचे दोन मुलगे शिकायला तयार आहेत. कुठे पाठवायचे ते पाहतो आहोत. आपल्या मंडळीत हे काम जाणणारे कोणी असेल तर जरूर कळवावे. तोपर्यंत पंप घेतलेला नाही. त्या नऊपैकी सहा घरांना यंदाही दिवाळीनंतर कुलूप आहे.