लिंक म्हणजे पत्ता: गिट, विंडोज आणि परसवाड्याचा नुक्ता

मराठवाड्यात कुणी 'बालाघाट' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बीड-धाराशिवकडची डोंगररांग येते. गोंदियात तेच नाव घेतलं तर वैनगंगेकाठचं शहर आठवतं, मध्य प्रदेशातल्या जिल्ह्याचं ठाणं. नाव एकच, पण ते कुठे उभं राहून घेतलं यावर माणूस कुठे पोहोचेल ते ठरतं. सारख्या नावांच्या गावांमुळे आणि वेगवेगळ्या भाषांतल्या पत्त्यांमुळे टपालाचा जो घोळ व्हायचा, त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने केली. ४८१००१ लिहिलं की पत्र बालाघाट शहरातच येतं, ते बीडच्या डोंगराकडे जाण्याची भीती उरत नाही. संगणकावरच्या सिम्बॉलिक लिंकबद्दल, म्हणजे बोलीतल्या 'सिमलिंक'बद्दल, जे गैरसमज आहेत त्यांतले बहुतेक एकच गोष्ट विसरल्यामुळे होतात. लिंक ही फाइल नव्हे, तो फाइलचा पत्ता आहे. फाइलींमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारा गिट हा पत्ता अक्षरन् अक्षर जपतो. त्या पत्त्यावर पोहोचवण्याची जबाबदारी मात्र ज्या संगणकावर तो उघडला जातो त्या संगणकाची असते.

पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज असा की लिंक कमिट केली, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवली, की ती जिकडे बोट दाखवते ती फाइलही रेपॉझिटरीत, गिटच्या साठ्यात, गेली. तसं होत नाही. गिट प्रत्येक नोंदीला एक प्रकारक्रमांक देतो: साध्या फाइलला १००६४४, चालवता येणाऱ्या फाइलला १००७५५ आणि लिंकला १२००००. लिंकच्या नोंदीत फक्त पत्त्याचा मजकूर असतो, त्याच्या शेवटी ओळ तोडणारं चिन्हसुद्धा नसतं. मूळ फाइल रेपोच्या बाहेर, एखाद्याच्या घरच्या फोल्डरात असेल, तर क्लोन करणाऱ्याच्या, म्हणजे रेपोची प्रत उतरवून घेणाऱ्याच्या हाती नुसती पत्त्याची चिठ्ठी पडते. लिनक्सवर अशी लिंक लोंबकळत राहते, नाव दिसतं पण उघडायला गेलं की फाइल सापडत नाही. म्हणून 'माझ्याकडे चालतं' हा पुरावा लिंकच्या बाबतीत फार कच्चा आहे. ज्याच्या संगणकावर पत्ता लिहिला गेला, त्याच्याकडे तो लागणारच.

दुसरा गैरसमज विंडोजचा. 'विंडोजला सिमलिंक कळतच नाहीत' हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. ही सोय युनिक्सच्या घराण्यात १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून आहे आणि विंडोजमध्ये ती व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे. अडचण परवानगीची आहे. लिंक तयार करण्याचा हक्क मुळात प्रशासक खात्यालाच दिलेला होता. विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून डेव्हलपर मोड चालू केला की साध्या खात्यालाही तो मिळतो. शिवाय विंडोजसाठीचं गिट बसवताना सिमलिंकचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तो निवडला नाही तर कोअर.सिमलिंक्स ही सेटिंग बंद राहते. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट म्हणजे लिंक, हाही याच घरातला गैरसमज. शॉर्टकट ही .एलएनके शेपटाची साधी फाइल असते, तिचा अर्थ विंडोजच्या एक्सप्लोररला कळतो. गिट किंवा कंपायलर तिच्या मागे जात नाहीत. आणि पेनड्राइव्हवर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट ही फाइलव्यवस्था असते, तिच्यात सिमलिंकला जागाच नाही, मग संगणक कुठलाही असो.

सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या गैरसमजाने होतं, म्हणून तो जवळून पाहू. सेटिंग बंद असलेल्या विंडोजवर क्लोन केलं की लिंकच्या जागी एक छोटी मजकूर फाइल येते. उघडली तर आत एवढंच: '../सामाईक/मांडणी'. पाहणाऱ्याला वाटतं, फाइल बिघडली. ती बिघडलेली नाही, गिटने जाणूनबुजून पत्ता मजकुराच्या रूपात ठेवला आहे. पण सद्हेतूने कुणीतरी ती 'दुरुस्त' करतं. मूळ फाइलमधला सगळा मजकूर आणून तिच्यात चिकटवतं आणि कमिट करतं. इथे गिटचा एक नियम आड येतो: सेटिंग बंद असेल तर डिस्कवर साधी फाइल दिसली तरी नोंदीचा जुना प्रकार, १२००००, तो तसाच राखतो. म्हणजे आता तो चिकटवलेला सगळा मजकूरच 'पत्ता' बनतो. लिनक्स सर्व्हरवर तो कमिट उतरवला की एवढ्या लांबीची लिंक तयार होत नाही, कारण तिथे पत्त्याची मर्यादा ४०९६ बाइटची आहे. मजकूर त्याहून लहान असला तर लिंक तयार होते, पण कुठेच जात नाही. नुसतं उघडून जतन केल्यावर एडिटरने शेवटी नवी ओळ घातली, तरी पत्ता चुकतो. दोष विंडोजवाल्याचा नाही आणि लिनक्सवाल्याचाही नाही. ती चिठ्ठी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

पत्ता लिहावा कसा, यावर मतभेदाला जागा नाही. पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून किंवा घरच्या फोल्डरापासून सुरू होणारा, रेपोत कधीच ठेवू नये. सापेक्ष पत्ता ठेवावा, आणि तो लिंक ज्या फोल्डरात आहे तिथून मोजला जातो, आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तिथून नव्हे, हे ध्यानात असावं. तिरकी रेघ पुढे झुकलेलीच वापरावी. उलटी रेघ विंडोजला चालते. लिनक्स तिला नावातलं एक अक्षर समजतो.

देवनागरीत नावं ठेवणाऱ्यांसाठी यापुढे एक खास अडचण आहे, आणि ती बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात रोजची आहे. रोमन अक्षरांत मोठं-लहान अक्षर हा झगडा असतो; लिनक्स त्यांत भेद करतो, विंडोज आणि मॅक सहसा करत नाहीत. देवनागरीला तो त्रास नाही, पण नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, आहे. जिल्ह्यातली एक तहसील मराठीत 'परसवाडा', हिंदीत 'परसवाड़ा'. हिंदीतलं ते अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ड आणि खालचा नुक्ता असं जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच. बाइट मोजले तर पहिलं २१, दुसरं २४. मराठी 'परसवाडा'ही २१ बाइटांचाच, पण बाइट निराळे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेला ही तीन वेगळी नावं आहेत. मराठीही यातून सुटलेली नाही. 'दुसऱ्या', 'किनाऱ्या'तला ऱ हाही एकसंध किंवा र अधिक नुक्ता असा दोन रूपांत असतो आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना तो फोडूनच साठवायची. मॅकवरच्या फाइलींची नावं पुन्हा जोडून घेण्याची सोय गिटमध्ये आहे, पण लिंकच्या आतला मजकूर तो जसाच्या तसा ठेवतो. म्हणून डोळ्यांना बरोबर दिसणारी लिंक दुसऱ्या संगणकावर तुटलेली निघू शकते. भर म्हणजे लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. माझं मत स्पष्ट आहे: आतला मजकूर खुशाल मराठीत असावा, असायलाच हवा, पण लिंक ज्याकडे जाते त्या फाइलचं नाव साध्या रोमन लहान अक्षरांत ठेवावं.

यावर रास्त आक्षेप येतो. इतकी कटकट असेल तर लिंक वापरूच नयेत, सरळ नकला ठेवाव्यात. विंडोजवाले बहुसंख्य असलेल्या छोट्या गटासाठी हा सल्ला मला मान्य आहे, पण नक्कल हाताने न ठेवता बांधणीच्या स्क्रिप्टने करावी. हाताने ठेवलेल्या दोन प्रती काही दिवसांत वेगळ्या होतात, आणि खरी कोणती हे इतिहास चाळल्याशिवाय कळत नाही. लिंकचं मोलच हे की सत्य एकाच जागी राहतं. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हलका नाही. २०२१ आणि २०२४ मध्ये गिटमध्ये सापडलेल्या दोन गंभीर त्रुटी नेमक्या सिमलिंक आणि मोठ्या-लहान अक्षरांत भेद न करणाऱ्या फाइलव्यवस्थेच्या जोडीतून आल्या होत्या. क्लोन करतानाच परका कोड चालू शकत होता. २.३०.२ आणि २.४५.१ या आवृत्त्यांत त्या बुजवल्या गेल्या. यावरून लिंक टाळाव्यात असं ठरत नाही. जुनं गिट ठेवू नये आणि अनोळखी रेपो क्लोन करताना सिमलिंकची सेटिंग बंद ठेवावी, हे मात्र ठरतं.

तुमच्या रेपोत लिंक किती आहेत हे पाहायला मिनिटभर पुरतं. गिटची 'एलएस-फाइल्स' आज्ञा 'एस' पर्यायासह चालवा आणि १२०००० ने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या वाचा. प्रत्येक ओळीतली लिंक रेपोच्या आतच पोहोचते का ते तपासा, आणि रीडमी या फाइलीत एक ओळ लिहून ठेवा: विंडोजवर क्लोन करण्याआधी डेव्हलपर मोड आणि कोअर.सिमलिंक्स दोन्ही चालू करा.