फॅक्टर मिळेपर्यंत आणि त्यानंतर

सकाळी 6.30
सिन्नरहून फोन. "ताई, गुडघ्यात मुंग्या येतायत म्हणतो. सूज नाहीये." हिमोफिलियाच्या मुलांना सांध्यात रक्तस्राव सुरू झाल्याचं सूज दिसण्याआधीच कळतं. मुलाचं खरं मानायचं. पाय उंचावर, वरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, आणि हिमोफिलियाचं कार्ड घेऊन लगेच सिव्हिल हॉस्पिटलला. फॅक्टरचा, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या प्रथिनाचा, डोस डॉक्टर ठरवतील. तोच सांधा वारंवार रक्ताने भरला की तरुणपणीच आखडतो.

सकाळी 9
सिव्हिलमध्ये नवं कुटुंब. लसीनंतर बाळाची मांडी टम्म सुजली, तेव्हा निदान झालं. आई मान वर करत नाही. सदोष जनुक आईकडून येतं एवढंच घरच्यांनी ऐकलंय आणि बोल तिलाच लावलाय. मी आजीशेजारी बसते. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो, जनुकातला बदल नव्याने घडलेला असतो. आणि पिढ्यान्‌पिढ्या आला असला तरी त्यात आईचा काय दोष? डॉक्टरांचं बोलणं आजीने ऐकून घेतलं होतं. माझाही मुलगा असाच आहे म्हटल्यावर ती प्रश्न विचारू लागते.

सकाळी 11.30
एका शाळेत. मुख्याध्यापकांना जबाबदारीची भीती वाटते. पोहणं, चालणं हवंच, त्याने स्नायू बळकट होऊन सांधे सांभाळले जातात, कबड्डी नको. डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. कमरेवर इंजेक्शन द्यायचं नाही. हे सगळं कागदावर लिहून शिक्षकांच्या खोलीत लावते.

दुपारी 2
दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज. 1995च्या कायद्यात हिमोफिलिया नव्हता. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत तो, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आले. तरी "हा तर चालतोय की" हे ऐकावं लागतंच. म्हणून प्रत्येक रक्तस्रावाची तारीख आणि सांधा वहीत लिहायला लावते.

दुपारी 4
आमच्या पालकांच्या गटाची बैठक. आज घरी फॅक्टर देण्याचा सराव, नर्सताई शेजारी उभ्या. बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये हळूच फिरवायची. भुकटी पूर्ण विरघळून पाणी नितळ दिसलं पाहिजे. येवल्याच्या एका आईचा हात थरथरतो. तिचा मुलगाच दंड बांधून शीर दाखवतो, "इथे टोच." दुसऱ्या वेळी नळीत रक्त दिसतं आणि ती पहिल्यांदा श्वास सोडते.

रात्री 9
येवल्याकडच्याच एका नव्या कुटुंबाचा नंबर आलाय. तो मी त्याच आईला देते. ती म्हणते, "मला काय येतं?" तिला बर्फ येतो, वही येते, आजपासून शीर येते. निदानानंतरच्या पहिल्या रात्री कोणते प्रश्न पडतात, हेही तिला ठाऊक आहे. आमचा गट वाढतो तो असाच: ज्याला काल हात दिला, त्याच्याकडे आज फोन सोपवून.