पायीं पाहण्याचें गांव

सुट्टीच्या दिवसांत मुंबई-पुण्याचीं कुटुंबें माथेरानला जातात, तीं बहुधा एका दिवसाच्या बोलीवर. सकाळीं चढावें, चार-पांच पॉइंट पाहावेत, चिक्कीचे पुडे आणि एखादा चपलांचा जोड घ्यावा व दिवेलागणीस उतरावें, असा त्यांचा शिरस्ता. या बेतांत गैर कांहींच नाहीं. मात्र कड्यावरून दूरचा देखावा पाहतां पाहतां पायाखालचें गांव पाहावयाचें राहून जातें, आणि खरी नवलाची वस्तु तर तेंच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें आठशें मीटर उंचीवर चार-पांच हजार वस्तीचें एक गांव मोटारीवांचून कसें चालतें, एवढें एकच कोडें बरोबर घेऊन प्रवासी निघाला, तर तोच दिवस त्याला दुप्पट फळ देईल.

कोड्याच्या उलगड्यास नेरळ स्टेशनांतच आरंभ होतो. डोंगरमाथा तेथून समोर दिसतो. पण छोटी गाडी तेथवर जाण्यास सुमारें एकवीस किलोमीटरांचा फेरा घेते. कारण साधें आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड बेताचीच असते. चढ फार तीव्र झाला कीं चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. म्हणून वीस फूट पुढें गेल्यावर फार तर एक फूट वर, एवढाच चढ येथें राखलेला आहे. डोंगर उभा आणि चढ सौम्य, तेव्हां वाट लांबविण्यावांचून गत्यंतर नाहीं. दोन रुळांमधील अंतर अवघें दोन फूट असल्यामुळें गाडीला अतिशय आंखूड वळणें घेतां येतात. डोंगर फोडण्याऐवजीं त्याच्या अंगाअंगानें ती चढते. साऱ्या मार्गावर बोगदा लागतो तो एकच. सर आदमजी पीरभाई यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं १९०४ सालीं हें काम हातीं घेतलें आणि १९०७ सालीं गाडी सुरू झाली. डोंगरानें मात्र आपला हक्क सोडलेला नाहीं. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत मार्ग जागोजागीं वाहून गेला, तो पुन्हां बांधून गाडी धावण्यास २००७ साल उजाडलें.

मोटारीनें येणाराची वाट दस्तुरी नाक्यावर संपते. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. हें अंतर पायीं तोडलें म्हणजे वाहनबंदीचें मर्म आपोआप उमगतें. वाट तांबड्या मातीची, वर झाडांचें छत. डोंगराचें अंग काळ्या पाषाणाचें असलें, तरी माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. जांभा सच्छिद्र, त्याची माती भुसभुशीत. झाडांचीं मुळें तिला धरून ठेवतात आणि पडणारें पाणी पानापानांवरून हळूहळू उतरवितात. झाडें तुटून रस्ते रुंद झाले, तर पावसाचा लोंढा ती माती घेऊन थेट दरीची वाट धरील. माथ्यावरचें रान म्हणून ज्या गांवाचें नांव सांगतात, त्याचा आधारच हें रान आहे. केंद्र सरकारनें २००३ सालीं माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो याचसाठीं.

दुपारीं बाजारांत जेवणाचें ताट समोर आलें, कीं त्यांतील एकेका पदार्थाची वाट मनांत मागें चालून पाहावी. येथें दाणागोटा पिकत नाहीं. तांदूळ, भाजी, गॅसची टाकी, घराची वीट, सारें खालून आलेलें. आणि दस्तुरीपासून पुढें तें घोड्याच्या पाठीवर, माणसाच्या डोक्यावर किंवा माणसांनीं ओढलेल्या गाड्यावर आलेलें. पाण्याचीहि तीच कथा. पाऊस येथें मुसळधार. पण माथा अरुंद आणि उतार चोहोंकडे, त्यामुळें पाणी थांबत नाहीं. पिसरनाथाच्या देवळाशेजारचा शार्लट तलाव भरतो, तरी तेवढ्यानें गांवाचें आणि पाहुण्यांचें भागत नाहीं. खालच्या नदीचें पाणी पंपानें वर चढवावें लागतें.

या गांवाची जन्मकथा सांगतांना ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० सालीं चौकच्या बाजूनें डोंगर चढून आले, येथून आरंभ करतात. तें खरें, पण येथील कष्टाच्या घरांतून आलेला एक पुरुषहि प्रवाशानें स्मरावा. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म माथेरानांतच, १९१२ सालीं, नाभिक कुटुंबांत झाला. ते वकील झाले, येथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ च्या लढ्यांत त्यांच्या दलानें मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं त्यांना हौतात्म्य आलें. पॉइंटांचीं नांवें साहेबांचीं असलीं, तरी गांव कोणाचें, याचें उत्तर या एका नांवांत आहे.

येथेंच दिवसाचा अवघड प्रश्न पुढें उभा राहतो. मोटारीच्या गोंगाटावांचून मिळणारी जी शांतता पाहुण्याला गोड वाटते, तिचें ओझें कोणाच्या तरी खांद्यावर असतें. चढावर माणसानें माणसाला रिक्षांत बसवून ओढावें, ही रीत येथें कित्येक वर्षें चालली. ओढणाराच्या छातींत दम मावत नसे आणि बसणाराचें मन अवघडून जाई. तरी दुसरी सोय नव्हती. आजाऱ्याला, वृद्धाला, शाळेच्या मुलाला तर अंतर तोडणें प्राप्तच. विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या प्रयोगास सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं अनुमति दिली. ऑगस्ट २०२५ मध्यें तर हातरिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद करून त्या ओढणारांचें पुनर्वसन करावें, असा आदेश दिला. एका बाजूला माणसाची प्रतिष्ठा, दुसऱ्या बाजूला रानाची मर्यादा. घोडेवाल्यांचें आणि हमालांचें पोटहि त्याच तराजूंत आहे. मोजक्या, बिनधुराच्या रिक्षांनीं पहिली राखतां येईल. पण त्यांच्यामागून इतर वाहनें शिरलीं, तर दुसरी मोडेल. येथील नव्या रिक्षांचें मोल त्यांच्या संख्येवर नव्हे, तर कोठें थांबावें याच्या निश्चयावर ठरणार आहे.

सायंकाळीं पॉर्क्युपाईन पॉइंटावर गर्दी जमते. समोर प्रबळगडाची काळी रेघ उमटते आणि त्या बाजूस सूर्य उतरतो. देखावा पूर्वीइतकाच सुंदर; पण दिवसभर चाललेल्या प्रवाशाला आतां त्यामागची उस्तवारहि ठाऊक झालेली असते. अशा गांवीं पाहुण्यानें पाळावयाचे नियम फार नाहींत. सामान हलकें आणावें. पायांत बळ असेल त्यानें चालावें, म्हणजे वाहन खऱ्या गरजवंताला मिळेल. कचरा आपला आपण खालीं न्यावा, कारण तोहि एरव्हीं कोणाच्या तरी डोक्यावरूनच उतरतो. आणि हमालाशीं मजुरीची घासाघीस करण्यापूर्वीं त्याचें ओझें एकदां स्वतः उचलून पाहावें. मग घासाघीस करण्याची इच्छा बहुधा उरत नाहीं.