कीबोर्ड मेला नाही, त्याची बेल ऐकू येत नाहीये!

हौसेनं लॅपटॉपवर लिनक्स टाकलंत. ग्रबच्या काळ्या स्क्रीनवर बाणाच्या कीज मस्त चालल्या. मग लॉगिन स्क्रीन आली आणि कीबोर्ड ठप्प. होस्टेलवर पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘भावा, कीबोर्ड गेला, बदलून टाक.’ थांबा! पैसे काढण्याआधी एवढंच विचारा, की ग्रबमध्ये चालणारा कीबोर्ड अर्ध्या मिनिटात मेला कसा?

बहुतेक वेळा तो मेलेलाच नसतो. त्याचा ‘इंटरप्ट’ कर्नलपर्यंत पोहोचत नसतो. सीएसवाल्यांनी हा शब्द ओएसच्या पेपरसाठी पाठ केलेला असतो. माझ्यासारख्या मास कॉमवाल्यांसाठी गुलमंडीच्या मागचा एखादा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. बिऱ्हाडं अनेक, बेल मोजक्या. की दाबली, टचपॅडला बोट लागलं की बेल वाजते आणि प्रोसेसर हातातलं काम टाकून बघायला येतो. कोणत्या पाहुण्यासाठी कोणती बेल, याची यादी लॅपटॉपचं बायोस एसीपीआय नावाच्या तक्त्यांमधून कर्नलला देतं. ही यादी चुकली किंवा कर्नलनं ती चुकीची वाचली, की सगळा घोळ.

खरं उदाहरण बघा. २०२२मध्ये आसुसच्या काही व्हिवोबुक मॉडेल्सवर लिनक्समध्ये कीबोर्ड चालत नव्हता. कीबोर्डची लाइन पहिल्यापासून आयआरक्यू १. बायोस सांगत होतं, ही बेल दाबून धरलेली असेल, दार उघडेपर्यंत. कर्नल मात्र जुन्या पीसीच्या सवयीनं ती सेटिंग बदलून एका ‘टिंग’ची वाट बघत बसायचा. नंबर बरोबर, बेलही बरोबर, ऐकायची पद्धत चुकीची! लोकांनी तक्रारी नोंदवल्या, त्यातून मॉडेल्सची एक यादी कर्नलच्या कोडमध्ये गेली: या मशिन्सवर सेटिंग बदलू नका. पुढे त्या यादीत इतर कंपन्यांचे लॅपटॉपही आले. हा दोष काढायला कीबोर्ड बदलायची गरज नव्हती.

आता तुमच्या मशीनवर तपासा. यूएसबी कीबोर्ड लावा, टर्मिनल उघडा आणि प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल वाचा. डावीकडे आयआरक्यू नंबर, मध्ये प्रत्येक कोअरचे आकडे, शेवटी उपकरणाचं नाव. लॅपटॉपच्या कीज दाबा आणि फाइल पुन्हा वाचा. आयआरक्यू १ समोरचा आकडा वाढला, तर बेल पोहोचतेय, दोष पुढे कुठेतरी आहे. जागचा हलला नाही, तर रस्त्यातच अडकलीय. आणि कशालाही हात न लावता एखादा आकडा सुसाट पळत असेल, तर कुणीतरी बेल दाबूनच उभं आहे.

अशा वेळी डीमेसेज ही कमांड दिली की एक भन्नाट ओळ दिसते: ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’. बेल वाजली, सगळ्या बिऱ्हाडांना विचारलं, प्रत्येक जण म्हणाला ‘आमचं कुणी नाही’. एक लाख वेळा वाजलेल्या बेलपैकी ९९,९०० हून जास्त वेळा असंच झालं, की कर्नल ती बेलच बंद करतो. त्या बेलवरची निरपराध उपकरणंही मग अडकतात. वायफाय मध्येच गेलं, यूएसबी रखडलं, हे त्यातलंच असू शकतं.

उपाय करताना घाई नको. आधी बायोस अपडेट, मग नवा कर्नल. तरी नाही जमलं, तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून बूटच्या ओळीत एका वेळी एकच पर्याय टाकून बघा. पीसीआय बरोबर नोएमएसआय लिहिलं, तर बेलऐवजी थेट मेसेज टाकणारी नवी उपकरणं जुन्या बेलवर येतात. आयआरक्यूपोल दिलं, तर बेवारस बेल वाजली की कर्नल वाड्यातली सगळी दारं ठोठावतो. चालतं, पण मशीन मंदावू शकतं. ग्रबमधला हा बदल पुढच्या बूटला आपोआप जातो, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. एसीपीआय ऑफ हा इंटरनेटवरचा लाडका सल्ला मात्र माझ्या मते लॅपटॉपसाठी नकोच. बेलची यादी चुकली म्हणून पूर्ण वही फाडायची? बॅटरीची माहिती, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळंच जाऊ शकतं.

एखाद्या पर्यायानं चाललं, तरी तिथे थांबू नका. काय टाकल्यावर काय झालं ते लिहून ठेवा. डीमेसेजचा पूर्ण आउटपुट, इंटरप्ट्स फाइल आणि मॉडेलचं नेमकं नाव जोडून कर्नलच्या बगझिलावर रिपोर्ट करा. रिपोर्ट लिहायला मदत हवी असेल, तर गव्हर्न्मेंट इंजिनिअरिंग किंवा विद्यापीठ कॅम्पसमधल्या नायलिटचा लिनक्सवेडा सीनियर गाठा, चहावर काम होतं. फक्त रिपोर्ट पाठवण्याआधी त्यातला लॅपटॉपचा सिरियल नंबर तेवढा खोडा.