वीरचे पाणी, वीरचा ढोल

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात, नीरा नदीच्या काठी वीर नावाचे गाव आहे. गावाजवळ नीरेवर धरण आहे आणि गावात श्रीनाथ म्हस्कोबाचे देऊळ. धरणाच्या पाणपसाऱ्यावर हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात, तर देवळात माघ पौर्णिमेपासून वद्य दशमीपर्यंत यात्रा भरते. या दिवसांत थंडी ओसरू लागते, पळसाला पहिली फुले येतात आणि पाण्यातले पाहुणे अजून परतीला लागलेले नसतात. पक्षी आणि लोकसंगीत या दोन्हींची ओढ असलेल्याने एक निवांत दिवस राखून ठेवावा, तो याच सुमाराचा.

सकाळी उजाडताच पाण्याकाठी पोहोचलेले बरे. ऊन चढले की पाण्यावर वाफ थरथरते आणि दुर्बिणीतून रंग नीट दिसत नाहीत. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे चोची मारत फिरत असतात, चिखलाच्या कडेने धोबी शेपटी हलवत पळतात. केशरी-तपकिरी चक्रवाक बहुधा जोडीनेच दिसतात आणि त्यांचा नाकातला, कण्हल्यासारखा आवाज पाण्यावरून लांबवर ऐकू येतो.

या पाण्याचे मानकरी मात्र पट्टकदंब हंस. राखी अंग, पांढरे डोके आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन ठसठशीत काळे पट्टे, एवढ्या खुणा नवख्यालाही पुरतात. तिबेट, मंगोलिया आणि मध्य आशियातल्या सरोवरांकाठी ते अंडी घालतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर हिमालय ओलांडून दक्षिणेला येतात. अंगावर यंत्र बसवून पाठलाग केलेल्या हंसांनी सात हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. तिथल्या विरळ हवेत त्यांना तारतात ती मोठी फुफ्फुसे आणि प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे रक्त. रात्री ते शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. म्हणून सकाळचा थवा बराचसा झोपाळलेला दिसतो, पण कडेचे एक-दोन हंस मान उंच करून पहाऱ्यावर असतातच.

दहा वाजले की पाणवठा सोडून माळाकडे वळावे. इथे डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. दिवस लांबू लागला की नर पक्ष्यांच्या शरीरातली संप्रेरके वाढतात आणि गाण्याचा हंगाम सुरू होतो. डोंबारी चंडोलाचा नर भराभर पंख मारत वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली झेपावतो, जमिनीला टेकण्याआधीच पुन्हा वर उसळतो. असे अनेक हेलकावे घेतल्यावरच तो एखाद्या दगडावर बसतो. गावाकडे परतताना वड-पिंपळावरून तांबटाची टुक-टुक सुरू झालेली असते. चिमणीपेक्षा किंचित मोठा हा पक्षी चोच मिटलेली ठेवून मिनिटाला शंभराहून अधिक ठोके देतो, आणि लय जराही ढळत नाही.

दुपारनंतर यात्रेत लयीचा ताबा ढोल घेतो. धनगरी ढोल लाकडी खोडाचा, दोन्ही तोंडांना कातडे ताणलेला. तो गळ्यात अडकवून एका बाजूला टिपरी आणि दुसऱ्या बाजूला हाताचा पंजा मारतात. टिपरीने कडक ठोका निघतो, पंजाने घुमारा. जोडीला झांजा असतात. गजीनृत्यात पांढऱ्या पोशाखातली माणसे रिंगण धरतात आणि हातातले रंगीत रुमाल उडवत ढोलाच्या चालीवर पावले टाकतात. सुरुवातीचा ठेका संथ असतो. तो इतक्या हळूहळू चढतो की पाहणाऱ्याला फरक कळतो तो आपलेच पाय हलू लागल्यावर.

रात्र ओव्यांची. दोन-चार गायक कोंडाळे करून बसतात, म्होरक्या कानावर हात ठेवून ओळ उचलतो आणि साथीदार शेवटचे शब्द झेलून ती पुढे नेतात. काही वेळ गाणे, मग तीच हकिकत साध्या बोलीत सांगणे, पुन्हा गाणे, अशी ही रचना तासन्‌तास चालते. त्यात बिरोबा येतो, म्हस्कोबा येतो. सोनारी गावच्या देवाची भक्ती करणारा कमळाजी धनगर आणि त्याच्या मागोमाग वीरला आलेला देव, ही इथली मूळ कथा. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (1934–1992) यांनी अनेक वर्षे धनगरांच्या वाड्यांवर आणि यात्रांत जाऊन अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 साली निघाला आणि धनगरांचे मौखिक साहित्य विद्यापीठांत पोहोचले.

या ओव्यांत रानाची आणि वाटांची वर्णने जागोजागी येतात, कारण गाणाऱ्यांचे आयुष्यच वाटेवरचे. पावसाळा संपला की कितीतरी वाडे, म्हणजे धनगर कुटुंबांचे गट, मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणात कापणी झालेल्या शेतांत खतासाठी मेंढरे बसवतात आणि पुढचा पाऊस लागण्याआधी कोरड्या मुलखात परततात. हंसांना हिमालयापलीकडची थंडी हलवते, मेंढरांना सह्याद्रीचा पाऊस. दोघांच्या फेऱ्या ऋतूंनीच आखलेल्या आहेत. यात्रेत पाऊसपाण्याची भाकणूक ऐकायला गर्दी का लोटते, हेही त्यामुळे उमगते.

माळावरचे पक्षी आणि मेंढपाळ या दोघांपुढचे संकटही एकच. माळरान सरकारी कागदावर ‘पडीक’ ठरते. मग तिथे वसाहती, कारखाने उभे राहतात, नाहीतर सरसकट झाडे लावली जातात. गवत गेले की जमिनीवर घरटे करणारा चंडोल जातो आणि मेंढरांचा चाराही. वाडे कमी झाले तर रात्रभराच्या ओव्या पाठ असणारे गळेही कमी होतात.

म्हणून वीरला जाणाऱ्याने तीन कामे जरूर करावीत. हंसांचा थवा माना उंचावू लागला की तिथेच थांबावे, एक पाऊलही पुढे टाकू नये. लांबच्या उड्डाणाआधी त्यांना साठवलेली चरबी जपायची असते. दिसलेल्या पक्ष्यांची संख्या ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावी. आणि ओवी मुद्रित करायची तर आधी गायकांना विचारावे, मुद्रणासोबत त्यांचे नाव, गाव आणि तारीख बोलून ठेवावी आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरी पोहोचती करावी.