‘कंबाइन’: जोडणी आणि एकजीवता

इंग्रजीतील ‘कंबाइन’ या क्रियापदाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कोम्बिनारे’ या क्रियापदात आहे. ‘कोम्’ म्हणजे एकत्र आणि ‘बिनी’ म्हणजे दोन-दोन. जोडीने एकत्र आणणे हा त्याचा मूळ अर्थ. फ्रेंचमार्फत पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला आणि दोनच घटकांची अट गळून पडली. पुढे रसायनशास्त्रात, घटकांचे मूळ गुणधर्म लोपून नवे द्रव्य सिद्ध होण्याच्या क्रियेसही तो लागू झाला. परिणामी घटक शाबूत राहणे आणि घटक लोपणे हे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात नांदू लागले.

मराठीत या दोन अवस्थांना निरनिराळे शब्द आहेत. सांगड म्हणजे एकमेकींस बांधलेल्या दोन होड्या, किंवा तरण्यासाठी जोडून बांधलेले भोपळे. बंध सोडला की घटक पूर्ववत सुटे होतात. ‘एकजीव होणे’ यात मात्र परतीची वाट नसते.

या दुसऱ्या अवस्थेची साक्ष बेंगळुरूतील हेब्बाळ हे स्थलनाम देते. तेथे २०१८ मध्ये उजेडात आलेला किट्टय्याचा वीरगळ गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातील, इ. स. ७५० च्या सुमाराचा आहे. त्यावर ‘पेर्बोळल्’ हे नाव आढळते. ‘पेर्’ म्हणजे मोठे, ‘पोळल्’ म्हणजे नगर. समासात उत्तरपदातील ‘प’चा ‘ब’ झाला; कन्नड व्याकरण यास आदेशसंधी म्हणते. कालांतराने ‘र्ब’चा ‘ब्ब’ आणि आद्य ‘प’चा ‘ह’ झाला. हेच ध्वनिपरिवर्तन अंगठ्याचा वाचक असलेल्या ‘हेब्बेरळु’ या कन्नड शब्दातही दिसते. आज ‘हेब्बाळ’ उच्चारणाऱ्यास त्यातील ‘मोठे नगर’ जाणवत नाही.

तौलनिक साहित्याभ्यासात हा भेद निर्णायक ठरतो. तंजावरच्या शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटकात पात्रे आपापल्या भाषांत बोलतात. तेथे भाषांची सांगड आहे. कन्नड ‘तुप्प’पासून आलेले ‘तूप’ मात्र मराठीत एकजीव झाले आहे. ‘कंबाइन’साठी दोन्ही ठिकाणी ‘संयोग’ हा एकच प्रतिशब्द योजल्यास नाटककाराची हेतुपूर्वक रचना आणि भाषेत नकळत घडलेले परिवर्तन एकाच मापाने मोजले जाते. म्हणून प्रतिशब्द निवडण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते: बंध सोडल्यास घटक पुन्हा वेगळे हाती लागतील काय?